चालतं घर

सोनियानं नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढच्याच रविवारी ती नवऱ्याला घेऊन बापाला सांगायला गावी गेली.

वडूजच्या पुढं, माळरानाच्या कडेला तिचं माहेर. तिचा बाप तात्याबा धनगर. पावसाळ्याचे महिने तो गावी काढायचा आणि दिवाळी झाली की बायकोला, रंगूबाईला, बरोबर घेऊन मेंढरं हाकत कृष्णाकाठाला उतरायचा. उन्हाळाभर मुक्काम आज या रानात तर उद्या त्या. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घ्यायचे, रानाला खत मिळायचं आणि धनगराला धान्य. तात्याबाचं सगळं आयुष्य त्यात गेलं होतं.

त्या दिवशी तो अंगणात बसून मेंढीची लोकर कातरत होता. जावयाला बघून रंगूबाई चहाला आत गेली. सोनिया बापासमोर उकिडवी बसली.

"तात्या, मी नोकरी सोडली."

"बदली झाली व्हय?"

"न्हाई. राजीनामा दिला. ह्यांनी पण दिला. आमी एक मोठी गाडी घेतलीया. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी, सगळं बसवून घेतलंय. आता तिच्यातच ऱ्हायचं आन फिरायचं. आधी आपला देश, मग नेपाळ, मग जमंल तसं पुढं."

"आन माघारी कवा?"

"माघारी असं न्हाई, तात्या. हेच आता."

तात्याबाच्या हातातली कात्री थांबली. मेंढी त्याच्या गुडघ्याखाली धडपडत होती, तिला त्यानं सोडून दिलं. अर्धी कातरलेली तशीच ती कुंपणाकडं पळाली.

"माज्या पायाला भिंगरी व्हती, ती तुज्या पायाला लागू नये म्हणून तुला वडूजच्या होस्टेलात ठिवली," तो म्हणाला. "आन तू पैसं घालून तीच इकत आणलीस?"

तिचा नवरा ऋषिराज हसून म्हणाला, "मामा, हे तसं नाही. आजकाल लोक मुद्दाम असं राहतात."

"ऱ्हात असतील," तात्याबा म्हणाला आणि मेंढीमागं गेला. तो चहालाही परत आला नाही. त्या दिवसापासून तो लेकीशी बोलायचा बंद झाला. फोन लावला की "तुजी आई हाय हितं" एवढंच म्हणून रंगूबाईकडं द्यायचा.

बापाचं म्हणणं सोनियाला कळत नव्हतं असं नाही. पण तिचंही एक म्हणणं होतं आणि ते तिला बापाला कधी सांगता आलं नाही. दिवाळीनंतर आईबाप कळप घेऊन निघायचे तेव्हा ती होस्टेलात मागं राहायची. पहिलीत असताना एकदा ती पळून त्यांच्या मागं गेली होती. पार गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत. तात्याबानं तिला घोड्यावर घातलं, एक शब्द न बोलता माघारी आणलं आणि होस्टेलच्या बाईंच्या हवाली करून गेला. पुढं ती शिकली, परीक्षा पास झाली, सातारला सरकारी कचेरीत लागली. दहा-अकरा वर्षं दुसऱ्यांच्या पेन्शनच्या फायली हलवल्या. बाप गावात सांगत फिरायचा, माजी पोरगी पंख्याखाली बसती. आणि पंख्याखाली बसलेल्या पोरीला जानेवारी आला की वाटायचं, आता आई कुठल्या रानात चूल मांडून बसली असेल.

ऋषिराजची गोष्ट वेगळी. तो पलूसकडचा, ऊसवाल्यांचा मुलगा. वडील आप्पासो सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. सातारला एका विमा कंपनीत तो टेबलावर होता, तिथंच एका सरकारी कामाच्या निमित्तानं दोघांची ओळख झाली. लग्नाला आप्पासोंनी नाही म्हटलं नाही, पण लग्नानंतर बरेच दिवस ते सुनेला नावानं हाक मारत नव्हते. ऋषिराजला विम्याचा मनस्वी कंटाळा होता. संध्याकाळी घरी आला की मोबाइलवर गाडीतून जग फिरणारी जोडपी बघत बसायचा. हळूहळू सोनियाही त्याच्या शेजारी बसून बघायला लागली. सातारचा फ्लॅट विकायचं तोच बोलला, पण दिवाळीच्या आत निघू या, हे तिनं म्हटलं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं हे खोटं नाही. हंपीच्या धोंड्यांत त्यांनी गाडी लावली, कच्छच्या मिठावर लावली, स्पितीत नदीकाठी लावली. सकाळी मागचं दार उघडलं की समोर रोज नवं काहीतरी. सोनिया दारात पाय सोडून चहा पीत बसायची. ऋषिराज रात्री आकाश बघत तिच्या खांद्यावर डोकं टेकायचा आणि म्हणायचा, "आपण सुटलो, सोनू." आणि तिलाही वाटायचं, खरंच सुटलो.

खर्च भागवायचा म्हणून त्यानं व्हिडिओ टाकायला सुरुवात केली होती. 'चालतं घर' असं नाव दिलं. पहिल्यांदा ते महिन्यातून एकदा असायचं, मग आठवड्याला, मग रोज. सोनियाला बघणारे लोक वहिनी म्हणायला लागले. वहिनी आज काय स्वयंपाक केला, वहिनी बारीक झाल्या. सकाळी तिनं डोळे उघडले की समोर कॅमेरा असायचा. "परत झोप ना जरा," तो म्हणायचा, "आणि आता ऊठ, पडदा हळू सार, बाहेर बघ आणि हस." ती उठायची, पडदा सारायची, हसायची. बाहेर बऱ्याचदा पेट्रोल पंपाची भिंत असायची. सकाळची सोय पंपावर, अंघोळ ढाब्यावर. कुठल्याशा गावात पाळी लवकर आली आणि पाण्याची टाकी रिकामी होती, तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसून रडली. ऋषिराजनं तिला जवळ घेतलं, पाणी शोधून आणलं. रात्री त्यानं विचारलं, "यावर बोलशील का कॅमेऱ्यासमोर? बायकांना खरं ऐकायला आवडतं." ती बोलली नाही, आणि तो दोन दिवस गप्प गप्प होता.

दुसऱ्या वर्षी नेपाळहून परतताना सगळंच थंडावलं. त्यांच्यासारख्या गाड्या आता रस्त्यात जागोजागी भेटायच्या. बघणारे कमी झाले. ऋषिराजची झोप उडाली, तो रात्रभर मोबाइलवर अंगठा फिरवत पडायचा. अशाच एका सकाळी, सोलापूरच्या अलीकडं, तो एकदम उठून बसला.

"सोनू, आपण मूर्ख आहोत. खरं चालतं घर तर तुझ्या वडिलांचं आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यासोबत राहू. तळावर. ते आत्ता आमच्याच भागात असतील ना? धनगराची मुलगी, नोकरी सोडून रस्त्यावर आली, आणि बाप जन्मभर रस्त्यावर. याच्याएवढं खरं कुणाकडं आहे?"

तिनं नको म्हणायला हवं होतं. पण बाप तिच्याशी धड बोलल्याला वर्ष उलटून गेलं होतं. तिनं आईला फोन लावला आणि कुठं आहात म्हणून विचारलं.

कळप पलूसच्या पुढं रेल्वे फाटकाजवळच्या एका रानात बसला होता. ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवलेलं, काळंभोर रान. गाडी बांधावर उभी राहिली तेव्हा तात्याबा मेंढरांभोवती वाघर लावत होता. वाघर म्हणजे दोरीची जाळी, रात्री मेंढरं त्या कुंपणात राहतात. त्यानं गाडीकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि हातातली मेख तिच्याकडं केली.

"धर. ठोक तिकडनं."

सोनियानं मेख ठोकली. एकही शब्द न बोलता दोघांनी सगळी वाघर लावली. शेवटची गाठ मारून झाल्यावर तात्याबा म्हणाला, "अजून येतंय की तुला." आणि ती तिथंच, मेंढरांच्या धुळीत, आईच्या पदरात तोंड घालून रडली. ऋषिराजनं तेवढ्यापुरता तरी कॅमेरा खाली ठेवला होता, हे तिनं पुढं बरेच दिवस त्याच्या बाजूनं मोजलं.

संध्याकाळी रंगूबाईनं भाकरी थापल्या, हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. सोनियाचा भाऊ धुळा तळावरच होता, तो दूध काढून घेऊन आला. उजेडातच जेवणं झाली आणि ऋषिराज कॅमेरा लावून सासऱ्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं फार चांगलं विचारलं, हे कबूल करायला हवं. घाई केली नाही, मधेच तोडलं नाही. आणि जन्मात ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं तो तात्याबा बोलत सुटला. कुठल्या महिन्यात कुठलं रान, कुठला घाट कधी उतरायचा, आजारी मेंढी कशी ओळखायची, व्यायलेली मेंढी आणि तिचं कोकरू अंधारात एकमेकांना आवाजावरून कसं हुडकतात. बोलताना हातानं दाखवत होता, हसत होता. हा पोरगा आता उद्या लग्नाला म्हणून गावाकडं जाईल आणि पाच-सहा दिवस आम्ही म्हातारा-म्हातारीच इथं, असंही तो बोलून गेला. कुत्री दोन, त्यातलं एक बहिरं, हेही.

मग मात्र तो थांबला.

"जावईबापू, ह्ये लगीच दावू नका. आमी हितनं हलल्यावर दावा. धुळा माघारी आल्यावर."

"अजिबात काळजी करू नका, मामा. तुम्ही सांगाल तेव्हाच."

"लय मेंढरं चोरीला जात्यात आजकाल, म्हणून म्हणतो."

"शब्द दिला, मामा," ऋषिराज म्हणाला.

त्या रात्री सोनिया गाडीत झोपली नाही. आईशेजारी घोंगड्यावर झोपली. पडल्या पडल्या रंगूबाई म्हणाली, "तुजा बाप रागावलेला न्हवता गं. त्याला वाटायचं, आपल्यामुळं पोरीनं ह्ये केलं. आपलंच रगात हाय म्हणून."

दोन दिवसांनी ती दोघं सांगलीला गाडीच्या कामासाठी आली. गॅरेजवाल्याकडं गाडी लावून सोनिया शेजारच्या टपरीत चहा घेत होती. चहावाल्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि आपला मोबाइल पुढं केला. "ताई, हे तुमीच न्हवं?"

पडद्यावर तिचा बाप हसत होता. मागं मेंढरं, त्यांच्या मागं फाटक, आणि फाटकापलीकडं स्टेशनचा पिवळा बोर्ड, गावाच्या नावासकट.

ती तशीच उठून गॅरेजमध्ये गेली. ऋषिराज गाडीखाली वाकून बघत होता.

"ऋषी, तू टाकलास?"

"अगं, ऐक. जाहिरात देणाऱ्या त्या तंबूवाल्या कंपनीचा फोन आला होता, त्यांना याच आठवड्यात हवं होतं. आणि बघ तरी काय चाललंय! दोन वर्षांत आपलं काही इतकं बघितलं गेलेलं नाही."

"तू शब्द दिला होतास."

"धुळा चार दिवसांत परत येतोय. चार दिवसांत काय होतंय? आपली माणसं बघतात, सोनू. प्रवासाची आवड असलेली, शिकलेली माणसं. चोर कशाला आपले व्हिडिओ बघतील?"

"आत्ताच्या आत्ता काढ."

"आज राहू दे. फक्त आजचा दिवस. उद्या काढतो."

ती तिथं उभी होती. हातात ऋषिराजनं दाखवायला दिलेला मोबाइल होता आणि त्यावर लोकांनी लिहिलेलं खाली खाली सरकत होतं. काय देवमाणूस आहे. असा बाप मिळायला भाग्य लागतं. वहिनी, तुम्ही कुणाच्या पोटी जन्मलात ते आज कळलं. तिनं ते वाचलं. सगळं वाचलं. आणि मग मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि "उद्या नक्की काढ" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धुळाचा फोन आला. तो लग्नघरातून निघून एसटीत बसला होता.

"आक्के, मेंढरं नेली. पिकअप घिऊन आली व्हती. कुत्र्यांस्नी कायतरी घातलं खायला. तात्याला बांधून टाकलं व्हतं. आयेनं वरडून गाव गोळा कराया बघितलं तर तिच्या हातावर गज मारला. मिरजंला नेत्यात तिला."

सोनियानं ऋषिराजला हलवून उठवलं.

"आन आक्के," धुळा म्हणाला, "त्यातला एकजण आयेला म्हणाला, म्हातारे, तू मोबाइलमदी लय ग्वाड दिसतीस."

मिरजेच्या दवाखान्यात रंगूबाईचा हात दोन ठिकाणी मोडल्याचं कळलं. कोपराच्या खाली हाडाचा चुरा झाला होता. तात्याबा बाहेरच्या बाकावर बसून होता. मनगटांवर दोरीचे वळ होते, ते त्यानं धोतराच्या सोग्यात झाकून घेतले होते. सोनिया त्याच्या पायाशी बसली.

"तात्या..."

"अर्ध्याच्या वर गेली," तो म्हणाला. "गाभण व्हत्या त्या सगळ्या उचलल्या. निवडून नेल्या."

मग त्यानं विचारलं, "काढला का त्यो?"

"व्हय, काढला," ती म्हणाली.

मग ती उठून जिन्याकडं गेली आणि मोबाइल उघडून बघितला. व्हिडिओ तसाच होता. कालच्यापेक्षा कितीतरी पटीनं लोकांनी बघितला होता.

ऋषिराज जिन्याच्या वळणावर भेटला. तो रडत होता. खोटं रडत नव्हता, नाक लाल झालं होतं, शर्टाची बाही ओली होती. "माझं चुकलं, सोनू. माझंच चुकलं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिनं त्याला धरलं. तिला वाटलं, आता हे सगळं संपलं. गाडी, कॅमेरा, सगळं. उरलेलं आयुष्य दोघं मिळून हे निस्तरत बसू, पण दोघं मिळून.

"मी सगळं सांगितलंय लोकांना," तो तिच्या खांद्यावरून म्हणाला. "आत्ताच, खाली गाडीत बसून. काहीही लपवलं नाही. माझ्यामुळं झालं हेही सांगितलं. बघ, लोक शोधतील ती पिकअप. इतके लोक बघतायत म्हटल्यावर पोलीसही हलतील. म्हणून तर पहिला काढला नाही."

सोनिया मागं सरकली.

"आईचा हात दाखवलास?"

तो बाहीनं नाक पुसायला लागला.

"ऋषी, आईचा हात दाखवलास का?"

"फक्त बँडेज," तो म्हणाला. "चेहरा नाही."

त्या दिवसानंतर सोनिया गाडीत चढली नाही. तिचे कपडे धुळा एका पोत्यात भरून घेऊन आला. भांडण असं फारसं झालंच नाही. ऋषिराज रोज यायचा, समजूत घालायचा, मग दोन दिवसांआड यायला लागला, मग फोन करायला लागला. पोलिसांनी पंचनामा केला, दोन-चार ठिकाणी चौकशी केली, मेंढरं काही मिळाली नाहीत. तोपर्यंत ती कापून खाल्लीही गेली असतील, असं धुळा म्हणाला.

चालतं घर मात्र चाललं. दवाखान्यातल्या त्या व्हिडिओनं जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते जमवून दिलं. ऋषिराज एकटाच निघाला, उत्तरेकडं. पडद्यावर दाढी वाढलेली, आवाज खाली आलेला. वहिनी कुठं आहेत म्हणून लोक विचारायचे. "सोनिया तिच्या आईजवळ आहे, तिला वेळ देऊ या," असं तो समजूतदारपणे सांगायचा आणि लोक त्याला धीर द्यायचे.

सरकारी नोकरी परत मिळण्यातली नव्हती. तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. सोनिया सातारला जाऊन जुन्या साहेबांना भेटून आली, त्यांनी चहा पाजला आणि वयाची अट समजावून सांगितली. शेवटी मिरजेतच एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर तिला काम मिळालं. लोकांची नावं लिहून घ्यायची आणि पाणी पिऊन बसा म्हणून सांगायचं. एका खोलीत ती आणि रंगूबाई. रंगूबाईचा हात जुळला, पण बोटं वळेनात. भाकरी थापायला गेली की पीठ बोटांतून गळायचं. एकदा ती नुसती परातीकडं बघत बसली आणि म्हणाली, "तुज्या बापाला कोण करून घालत आसंल?"

तात्याबा गावी होता. उरलेली मेंढरं धुळानं विकून टाकली, एवढ्याशा कळपामागं दोन माणसांनी फिरणं परवडत नव्हतं. धुळा लोणंदला एका कारखान्यात लागला. दिवाळी झाली, शेजारच्या घरांची मेंढरं गावातून निघाली. तात्याबा वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेला आणि परत आला म्हणे. मग दोन दिवस जेवला नाही. हे शेजारणीनं फोनवर सांगितलं.

आणि माघ संपता संपता ऋषिराजचा फोन आला.

"सोनू, एक चांगली बातमी आहे. मामांना आपण मेंढरं देतोय."

"आपण म्हणजे कोण?"

"बघणाऱ्यांनी जमवलंय, आणि उरलेलं त्या तंबूवाल्या कंपनीनं दिलंय. मी स्वतः बाजारात जाऊन निवडलीत. एक ट्रक भरून. रविवारी गावी येतोय. तू आलीस तर... तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण मामांना बरं वाटेल."

"कॅमेरा असणार?"

"ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवावं तर लागेलच ना."

तिनं फोन ठेवला आणि धुळाला लावला. तात्या हे घेणार नाही, तूच सांग ऋषीला तसं, म्हणाली. धुळा म्हणाला, "आक्के, तात्यानं व्हय म्हणून सांगितलंय. परवाच."

रविवारी ती गेली. रंगूबाई आली नाही.

गावाच्या पटांगणात मंडप घातला होता, कंपनीचा फलक लावला होता. गाडी नवीन रंगवलेली. ऋषिराजनं सोनियाला बघून हात जोडले, जवळ मात्र आला नाही. त्याच्याबरोबर कॅमेरा धरायला आता दोन माणसं होती. ट्रकमधून मेंढरं एक एक करून उतरवली तेव्हा पोराबाळांनी टाळ्या वाजवल्या. तात्याबाला नवा फेटा बांधला होता. त्याच्या हातात एका मेंढीची दोरी दिली आणि माइक पुढं केला.

"काय वाटतंय, मामा?"

तात्याबानं कॅमेऱ्याकडं पाहिलं. सोनिया गर्दीत मागं उभी होती. तिला वाटलं, आता हा दोरी टाकून देईल. मेखा ठोकणारा, पोरीला घोड्यावर घालून माघारी आणणारा तिचा बाप. आता बोलेल काहीतरी.

"माजा जावई लय चांगला हाय," तात्याबा म्हणाला. "सगळ्यांनी लय केलं. मी हात जोडतो."

"अजून एकदा घेऊ या मामा, जरा मोठ्यानं," कॅमेरावाला म्हणाला.

तात्याबानं दोरी काखेत धरली, हात जोडले आणि पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

मंडप उतरल्यावर, गाडी धुरळा उडवत निघून गेल्यावर, सोनियाला बाप घरामागं सापडला. फेटा काढून भिंतीवर ठेवला होता आणि तो नव्या मेंढरांचे खूर बघत होता, एकेकीचा पाय उचलून.

"तात्या, का घेतलीस?"

"का म्हंजी?"

"त्यानं आईचा हात मोडला. त्याच्यामुळं मोडला. आन तू चार माणसांत त्याच्या पाया पडल्यागत हात जोडलंस. मी त्याला सोडून बसलीया ती कशापायी मग?"

तात्याबानं मेंढीचा पाय खाली ठेवला. पाठ ताठ करायला त्याला वेळ लागला.

"मेंढरं हायत गं ती," तो म्हणाला. "कुणी दिली ते त्यास्नी कुटं ठावं हाय?"

"आन मला? मला ठावं हाय की."

"तू शिकलेली हायस. तुजं तू बघशील." तो पुढच्या मेंढीकडं वळला. "मला दुसरं काय येतंय?"

ती तिथं उभी राहिली. एखादी मेंढी धर म्हणेल, निदान भाकरी खाऊन जा म्हणेल, म्हणून. त्यानं पुढच्या मेंढीचा पाय उचलला. तो चिडला नव्हता. तो मेंढरांत गुंतला होता, वर्षभरानं पहिल्यांदा त्याचे हात भरभर चालत होते, आणि त्याला सोनियाचं काही काम नव्हतं.

ती फाट्यावर आली. एसटी उशिरानं आली, बसायला जागा मिळाली ती एका बाईशेजारी. बाईच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीवर मोबाइल. थोडं पुढं गेल्यावर बाईनं दोनदा वळून पाहिलं.

"तुमी त्या चालत्या घरातल्या वहिनी न्हवं?"

सोनियानं खिडकीबाहेर पाहिलं. कुसळांचे पिवळे माळ मागं सरकत होते.

"आताच बघितलं बगा मी," बाई म्हणाली. "म्हाताऱ्याला मेंढरं दिली ती. डोळ्यातनं पाणी आलं. लय पुण्याचं काम केलं तुमच्या मालकांनी. नशीब लागतं असा माणूस मिळायला. व्हय का न्हाई?"

कंडक्टर येऊन उभा राहिला होता.

"व्हय," सोनिया म्हणाली, आणि त्याच्याकडं वळून तिनं मिरजेचं एक तिकीट मागितलं.